सहकाराचा स्वतःचा पक्ष: ब्रिटनच्या को-ऑपरेटिव्ह पार्टीची राष्ट्रीय कार्यकारिणी नेमके काय करते?

जुलै २०२४ च्या निवडणुकीत ब्रिटनच्या संसदेत मजूर पक्षाचे ४११ खासदार निवडून आले. त्यांपैकी ४३ जण एकाच वेळी दोन पक्षांचे उमेदवार होते. एक पक्ष अर्थातच मजूर पक्ष आणि दुसरा को-ऑपरेटिव्ह पार्टी, म्हणजे ब्रिटिश सहकारी चळवळीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी स्थापन केलेला राजकीय पक्ष. हे ४३ खासदार वेगळे मोजले असते, तर मजूर, हुजूर आणि उदारमतवादी लोकशाहीवादी यांच्यानंतरचा चौथा मोठा गट त्यांचाच ठरला असता. पण त्यांची वेगळी मोजदाद होत नाही, सभागृहात त्यांचा वेगळा बाक नाही आणि मतदानाच्या वेळी ते मजूर पक्षाचाच पक्षादेश पाळतात. मग या पक्षाचे वेगळेपण कशात आहे आणि त्याचा कारभार पाहणारी राष्ट्रीय कार्यकारिणी बैठकांमध्ये कशाचा विचार करते, असा प्रश्न साहजिकच पडतो. सहकार आणि राजकारण यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. तरीही ब्रिटनमध्ये हे नाते ज्या रीतीने लिखित स्वरूपात मांडले गेले आहे, तशी रीत आपल्याकडे नाही. त्यामुळे हा विषय थोडा सविस्तर समजून घेण्याजोगा आहे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात इतिहासापासूनच करावी लागेल, कारण कार्यकारिणीच्या आजच्या अनेक कामांची मुळे तिथे आहेत. इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावात २१ डिसेंबर १८४४ रोजी २८ जणांनी प्रत्येकी एक पौंड या हिशेबाने भांडवल जमवून एक छोटे दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर, ओटचे दाणे असा मोजकाच माल, पण वजन चोख आणि भेसळ नाही, अशी या दुकानाची ख्याती झाली. दर तिमाहीअखेर उरलेली रक्कम ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात सभासदांना परत द्यायची, हा त्यांचा नियम पुढे जगभरच्या ग्राहक सहकाराचा पाया ठरला. या मंडळींनी आणखी एक नियम पाळला होता आणि तो म्हणजे राजकीय व धार्मिक तटस्थतेचा. दुकानात येणारा माणूस कोणत्या पंथाचा किंवा कोणत्या पक्षाचा आहे, हे विचारायचे नाही, अशी त्यामागची भूमिका होती. म्हणूनच सहकारी चळवळीने स्वतःचा पक्ष काढावा ही कल्पना कित्येक दशके कार्यकर्त्यांच्या गळी उतरली नाही. १८९७ साली पर्थ येथील सहकारी काँग्रेसमध्ये, म्हणजे सहकारी संस्थांच्या वार्षिक परिषदेत, संसदेत थेट प्रतिनिधी पाठवण्याचा ठराव संमत झाला खरा, पण संस्थांनी तो उचलून धरला नाही आणि विषय मागे पडला.

पहिल्या महायुद्धाने हे चित्र पालटले. युद्धकाळात कंपन्यांच्या जादा नफ्यावर सरकारने कर बसवला आणि तो सहकारी संस्थांच्या शिल्लक रकमेलाही लागू केला. सभासदांनी स्वतःच्याच दुकानातून खरेदी केल्यावर त्यांना परत मिळणारी रक्कम म्हणजे नफा नव्हे, हा सहकाराचा मूळ मुद्दा कोणी ऐकून घेतला नाही. अन्नधान्य आणि साखर यांच्या वाटपासाठी नेमलेल्या समित्यांवर खासगी व्यापाऱ्यांची माणसे होती, तर तीस लाखांहून अधिक सभासद असलेल्या सहकारी दुकानांना तिथे जवळजवळ स्थानच नव्हते. सक्तीच्या लष्करभरतीतून कोणाला वगळायचे हे ठरवणाऱ्या स्थानिक न्यायमंडळांवरही पुष्कळदा व्यापारीच बसलेले असत आणि सहकारी दुकानांच्या नोकरांना त्यांच्याकडून न्याय मिळत नसे, अशी तक्रार ठिकठिकाणांहून येऊ लागली. तटस्थ राहिल्याने आपले हित आपोआप जपले जात नाही, हे त्या पिढीला अनुभवाने कळले. मे १९१७ मध्ये स्वान्सी येथे भरलेल्या सहकारी काँग्रेसने संसदेत आणि स्थानिक संस्थांमध्ये थेट प्रतिनिधित्व मिळवण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी त्यासाठी एक राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि १९१९ मध्ये तिला को-ऑपरेटिव्ह पार्टी हे नाव मिळाले. म्हणजे आधी समिती आणि मग पक्ष, असा हा क्रम आहे. आजची राष्ट्रीय कार्यकारिणी ही त्या समितीचीच वारस होय.

१९१८ च्या निवडणुकीत दहा उमेदवार उभे राहिले आणि केटरिंगमधून आल्फ्रेड वॉटरसन हे एकटे निवडून आले. संसदेत गेल्यावर त्यांनी मजूर पक्षासोबत बसण्याचे ठरवले. पुढच्या शंभर वर्षांची दिशा त्या एका निर्णयात दिसते. कामगार आणि सहकारी दुकानाचा सभासद हा बहुधा एकच माणूस असे, त्यामुळे दोन पक्षांनी एकाच मतदारसंघात समोरासमोर लढणे म्हणजे घरातच भांडण लावणे ठरले असते. १९२७ साली चेल्टनहॅम येथील काँग्रेसमध्ये मजूर पक्षाशी रीतसर करार मंजूर झाला. पक्षाचे पहिले राष्ट्रीय सचिव सॅम्युएल पेरी यांनी ही बांधणी दीर्घकाळ सांभाळली. (विम्बल्डन १९३४ ते १९३६ अशी सलग तीन वर्षे जिंकणारे टेनिसपटू फ्रेड पेरी हे त्यांचे चिरंजीव.) १९४५ च्या निवडणुकीत सहकाराचे २३ खासदार निवडून आले. त्यांतील आल्बर्ट व्हिक्टर अलेक्झांडर यांचे नाव भारतीय वाचकांना वेगळ्या संदर्भात ठाऊक असेल. मार्च १९४६ मध्ये दिल्लीत आलेल्या कॅबिनेट मिशनच्या तीन सदस्यांपैकी, पेथिक-लॉरेन्स आणि स्टॅफर्ड क्रिप्स यांच्यासोबतचे तिसरे, ते हेच. सहकारी काँग्रेसच्या संसदीय समितीचे सचिव म्हणून ते राजकारणात घडले होते आणि शेफिल्डमधून सहकाराचे खासदार म्हणून निवडून आले होते.

आता कार्यकारिणीच्या रचनेकडे येऊ. पक्षाचे सभासद इंग्लंडच्या निरनिराळ्या विभागांतून तसेच स्कॉटलंड व वेल्समधून आपले प्रतिनिधी निवडून देतात. पक्षाला वर्गणी देणाऱ्या सहकारी संस्थांचे प्रतिनिधी, तरुण सभासदांचा प्रतिनिधी आणि संसदीय गटाचा प्रतिनिधी यांनाही तिथे जागा असते. दैनंदिन काम सरचिटणीस आणि त्यांचे छोटे कार्यालय पाहते. अध्यक्षपद पुष्कळदा एखाद्या खासदाराकडे असते. ओल्डहॅम महानगरपालिकेचे पूर्वीचे नेते आणि नंतर खासदार झालेले जिम मॅकमोहन यांनी २०२० मध्ये ते स्वीकारले. आपल्याकडच्या एखाद्या जिल्हा सहकारी संघाचे संचालक मंडळ डोळ्यांसमोर आणले, तर रचना समजायला सोपी जाते. फरक इतकाच की इथे व्यक्ती सभासद आणि संस्था सभासद असे दोन्ही प्रवाह एकाच टेबलाभोवती बसतात आणि दोघांच्या अपेक्षा नेहमी सारख्या नसतात. व्यक्ती सभासदाला धोरण हवे असते, आंदोलन हवे असते. संस्थेला आपल्या वर्गणीचा हिशेब आणि आपल्या व्यवसायाला उपयोगी पडणारा कायदा हवा असतो.

कार्यकारिणीसमोरचे पहिले आणि कधीही न संपणारे काम म्हणजे मजूर पक्षाशी असलेला करार सांभाळणे. को-ऑपरेटिव्ह पार्टी कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र पक्ष आहे. निवडणूक आयोगाकडे तिची वेगळी नोंदणी आहे, तिचे सभासदत्व, जमाखर्च आणि वार्षिक अधिवेशन वेगळे आहे. मात्र ती स्वतःच्या बळावर मजूर पक्षाविरुद्ध उमेदवार उभा करत नाही. तिच्या सभासदाला मजूर पक्षाचे सभासद होता येते, पण मजूर पक्षाला विरोध करणाऱ्या पक्षाचे होता येत नाही. एखाद्या मतदारसंघात संयुक्त उमेदवार द्यायचा असेल, तर तो उमेदवार दोन्ही पक्षांचा सभासद असावा लागतो, दोन्ही पक्षांची संमती लागते आणि स्थानिक पातळीवर तसा करार होतो. किती उमेदवारांना ही मान्यता द्यायची, यावर दोन पक्षांत वेळोवेळी वाटाघाटी झाल्या आहेत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तर मजूर पक्षाने ही संख्या ३० वर बांधून टाकली होती. २०१७ मध्ये असे ३८ खासदार होते, २०१९ च्या पराभवात ते २६ वर आले आणि २०२४ मध्ये ४३ झाले.

या व्यवस्थेवर एक सरळ आक्षेप घेतला जातो. जो पक्ष स्वतंत्रपणे लढत नाही आणि ज्याचे खासदार दुसऱ्याचा पक्षादेश मानतात, त्याला पक्ष म्हणायचे की दबावगट? हा आक्षेप मला चुकीचा वाटत नाही, पण अपुरा वाटतो. दबावगट दाराबाहेर उभा राहून निवेदन देतो. को-ऑपरेटिव्ह पार्टीची माणसे मंत्रिमंडळाच्या आणि महापालिकेच्या खुर्चीत बसलेली असतात आणि तिथे बसण्यापूर्वी त्यांनी सहकाराच्या नावाने मते मागितलेली असतात. लॅम्बेथ या लंडनच्या भागाचे नेतृत्व करताना स्टीव्ह रीड यांनी २०१० च्या सुमारास आपली पालिका 'सहकारी पालिका' म्हणून चालवण्याचा प्रयोग सुरू केला आणि पुढे तसा प्रयत्न करणाऱ्या पालिकांचे एक जाळे उभे राहिले. तेच रीड २०२४ नंतर ब्रिटनच्या मंत्रिमंडळात आहेत. कार्यकारिणीचा प्रभाव आदेशातून चालत नाही, तो अशा माणसांतून आणि त्यांनी आधीच मान्य केलेल्या धोरणांतून चालतो. त्याच्या मर्यादाही उघड आहेत. मजूर पक्ष विरोधात असेल तर सहकाराचे खासदारही विरोधी बाकांवरच असतात आणि मजूर पक्षाचे नेतृत्व एखाद्या मुद्द्यावर थंड असेल, तर तो मुद्दा वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो.

दुसरे काम पैशाचे आहे आणि मला ते सर्वांत जास्त शिकण्याजोगे वाटते. पक्षाचा मोठा आधार म्हणजे सहकारी संस्थांकडून येणारी वार्षिक वर्गणी. त्यात सर्वांत मोठा वाटा को-ऑप ग्रुपचा, म्हणजे ब्रिटनभर किराणा दुकाने, अंत्यविधी सेवा आणि विमा चालवणाऱ्या ग्राहक संस्थेचा राहिला आहे. ही वर्गणी संचालकांनी परस्पर देऊन टाकायची नसते. राजकीय खर्चाचा ठराव सभासदांपुढे मांडावा लागतो, मतदान होते आणि ठरावीक मर्यादेवरची देणगी निवडणूक आयोगाच्या नोंदीत जाहीर होते. २०१३ साली को-ऑप ग्रुपच्या बँकेच्या भांडवलात सुमारे दीड अब्ज पौंडांची तूट उघड झाली, बँकेचे बहुसंख्य भाग गुंतवणूकदार संस्थांच्या हाती गेले आणि संपूर्ण ग्रुपच्या कारभाराची चिरफाड सुरू झाली. त्या चौकशीच्या काळात एक प्रश्न सभासदांनी आणि वृत्तपत्रांनी वारंवार विचारला. अडचणीतल्या संस्थेने राजकीय पक्षाला पैसे का द्यावेत? हा प्रश्न मे २०१५ च्या वार्षिक सभेत थेट मतदानाला आला. बहुमताने वर्गणी चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला, पण विरोधी मतेही थोडीथोडकी नव्हती. त्या दिवशी ठराव फेटाळला गेला असता, तर पक्षाला स्वतःचे कार्यालय चालवणेही अवघड झाले असते. तेव्हापासून वैयक्तिक सभासदांची संख्या आणि त्यांची वर्गणी वाढवणे याकडे कार्यकारिणीला जास्त गांभीर्याने पाहावे लागते, कारण एकाच मोठ्या देणगीदारावर टेकलेला पक्ष त्या देणगीदाराच्या ताळेबंदाबरोबर वर-खाली होत राहतो.

इथे महाराष्ट्राशी तुलना टाळता येत नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून आपल्या राज्यातील सहकार आणि राजकारण एकमेकांच्या हातात हात घालून चालत आले आहे. कारखान्याचे चेअरमन, जिल्हा बँकेचे संचालक, बाजार समितीचे सभापती आणि मग आमदार, ही वाट आपल्या परिचयाची आहे. मात्र कायद्याच्या कागदावर हे नाते दिसत नाही. उलट बहुराज्यीय सहकारी संस्था कायदा, २००२ नुसार अशा संस्थेला कोणत्याही राजकीय पक्षाचे हित साधणाऱ्या संघटनेला रोख किंवा वस्तुरूपात, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष मदत करण्यास मनाई आहे. म्हणजे आपल्याकडे संस्था पक्षाला पैसे देऊ शकत नाही, पण संस्थेचे नेतृत्व आणि पक्षाचे नेतृत्व पुष्कळदा एकच असते. ब्रिटनमध्ये संस्था पक्षाला उघडपणे पैसे देते, पण त्यासाठी तिला सभासदांसमोर हात पसरावा लागतो आणि सभासद नकार देऊ शकतात. दोन्ही पद्धतींत दोष आहेत. तरीही जे नाते आहेच, ते ठरावाच्या रूपाने सभेपुढे येणे आणि त्यावर मत मोजले जाणे, ही गोष्ट सभासदाचा मान राखणारी आहे, असे माझे मत आहे.

तिसरे काम धोरण ठरवण्याचे. कार्यकारिणी काही विषय निवडून त्यांवर विचारपत्रे काढते, स्थानिक शाखा आणि सभासद त्यावर सूचना पाठवतात, त्यांतून मसुदा तयार होतो आणि तो वार्षिक अधिवेशनापुढे जातो. तिथे मंजूर झालेले मुद्दे मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात उतरावेत यासाठी मग दुसरी फेरी सुरू होते. ही प्रक्रिया संथ आहे आणि कंटाळवाणीही, परंतु तिची फळे कायद्याच्या पुस्तकात सापडतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे फळ म्हणजे सहकारी संस्थांची मालमत्ता सुरक्षित ठेवण्याचे कायदे, आणि हा विषय समजला की या पक्षाची गरज का भासते हेही समजते.

कल्पना करा की एखादी सहकारी संस्था शंभर वर्षे चालली आहे. पाच-सहा पिढ्यांच्या सभासदांनी दरवर्षी शिलकीतला काही भाग राखीव निधीत टाकला, त्यातून इमारती, गोदामे आणि ठेवी उभ्या राहिल्या. आज जे सभासद आहेत, त्यांनी त्यातला फारच थोडा भाग स्वतः कमावला आहे. समजा एके दिवशी कोणी येऊन म्हणाले की संस्थेची कंपनी करा, सगळी मालमत्ता आजच्या सभासदांत वाटून घ्या, प्रत्येकाला काही शे पौंड मिळतील. आजचा सभासद हो म्हणण्याची शक्यता दाट आहे, पण ती संपत्ती खरे तर मागच्यांनी पुढच्यांसाठी ठेवलेली असते. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये नेमके हेच घडले. घरबांधणीसाठी कर्ज देणाऱ्या बिल्डिंग सोसायट्या ही सभासदांच्या मालकीची जुनी परस्पर-साह्य संस्था होती. एकामागून एक अशा संस्था बँकेच्या कंपन्या झाल्या आणि झटपट रक्कम मिळावी म्हणून केवळ खाते उघडून मतदानाला येणाऱ्या लोकांची एक जातच तयार झाली. १९९७ मध्ये हॅलिफॅक्स आणि नॉर्दर्न रॉक, २००० मध्ये ब्रॅडफर्ड अँड बिंग्ली अशी ती रांग होती. यांपैकी नॉर्दर्न रॉक आणि ब्रॅडफर्ड अँड बिंग्ली या दोन्ही २००८ च्या आर्थिक संकटात सरकारला ताब्यात घ्याव्या लागल्या आणि कंपनी झालेल्या त्या संस्थांपैकी एकही आज स्वतंत्र बँक म्हणून उरलेली नाही. त्याच १९९७ साली सहकारी घाऊक संस्था, म्हणजे आजच्या को-ऑप ग्रुपची पूर्वज, ताब्यात घेऊन तिची मालमत्ता मोकळी करण्याचा एका तरुण उद्योजकाचा प्रयत्न थोडक्यात फसला. त्या हादऱ्याने चळवळ खडबडून जागी झाली.

त्यानंतरची पावले खासगी सभासदांच्या विधेयकांच्या वाटेने पडली, हे लक्षात घ्यावे. सरकारला वेळ नसेल, तर एखाद्या खासदाराला मिळालेली संधी वापरून छोटा पण अचूक कायदा करून घ्यायचा, ही या पक्षाची जुनी रीत आहे. खासदार गॅरेथ थॉमस यांनी मांडलेल्या २००२ च्या कायद्याने सहकारी संस्थेचे कंपनीत रूपांतर करण्यासाठी किमान निम्म्या पात्र सभासदांचे मतदान आणि त्यात पंचाहत्तर टक्क्यांची अनुकूलता आवश्यक केली. २००३ च्या कायद्याने समाजहितासाठी चालणाऱ्या संस्थांना आपली मालमत्ता कायमची कुलूपबंद करण्याची, म्हणजे ती सभासदांत कधीच वाटता येणार नाही अशी सोय करण्याची, मुभा मिळाली. प्रेस्टनचे खासदार मार्क हेंड्रिक यांच्या २०२३ च्या कायद्याने असेच ऐच्छिक कुलूप सहकारी संस्था व परस्पर विमा संस्था यांच्यापर्यंत नेण्यासाठी नियम करण्याचा अधिकार अर्थखात्याला दिला. कुलूप ऐच्छिक का, असे कोणी विचारील. ब्रिटनमधील सहकारी कायद्याचा स्वभावच असा आहे की तो संस्थेवर कमी लादतो आणि निर्णय सभासदांवर सोडतो. निबंधकाच्या मंजुरीशिवाय पान न हलणाऱ्या व्यवस्थेची सवय असलेल्या आपल्याला हे थोडे चमत्कारिक वाटू शकते.

सभासदांच्या पैशाचाच आणखी एक प्रश्न म्हणजे सावकारी. पगाराच्या तारखेपर्यंत पुरेल इतके छोटे कर्ज भरमसाट दराने देणाऱ्या कंपन्या २००८ नंतर ब्रिटनमध्ये गल्लोगल्ली आणि मोबाइलवर दिसू लागल्या. वॉल्थमस्टोच्या खासदार स्टेला क्रीसी या सहकाराच्या संयुक्त उमेदवार म्हणून २०१० मध्ये निवडून आल्या आणि त्यांनी या कर्जांच्या खर्चावर मर्यादा घालण्याची मागणी लावून धरली. अखेर २ जानेवारी २०१५ पासून नियामकाने कमाल दर दिवसाला ०.८ टक्के ठरवला, हप्ता चुकल्यास दंड १५ पौंडांपेक्षा जास्त घेता येणार नाही असे सांगितले आणि व्याज, शुल्क व दंड मिळून कर्जदाराला मूळ रकमेच्या दुपटीहून अधिक फेडावे लागू नये, अशी तरतूद केली. ज्यांना दामदुपटीचा जुना नियम ठाऊक आहे, त्यांना ही शेवटची अट ओळखीची वाटेल. पण मर्यादा घातल्याने गरज संपत नाही. गरजू माणसाने कर्ज घ्यायचे कुठून? त्यासाठी पतसंस्थांची वाढ हा पक्षाचा पुढचा आग्रह आहे. ब्रिटनमधील पतसंस्थेला सभासदांमध्ये काही समान दुवा असणे बंधनकारक असते, जसे की एकच गाव किंवा एकच मालक. आपल्याकडील पगारदार नोकरांच्या पतसंस्थांसारखेच हे आहे. हा दुवा फार अरुंद असल्याने संस्था मोठ्या होत नाहीत, अशी तक्रार होती आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने त्यावर सूचना मागवल्या.

आजच्या प्राधान्यक्रमात सर्वांत वर आहे ते २०२४ च्या मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यातील एक वाक्य, ज्यात देशातील सहकारी आणि परस्पर-साह्य क्षेत्राचा आकार दुप्पट करण्याचे आश्वासन आहे. हे वाक्य तिथे यावे यासाठी पक्षाने अनेक वर्षे खपून काम केले होते. २०१८ मध्ये त्याने एका संशोधन संस्थेकडून या विषयावर अहवालही तयार करून घेतला होता. आता आश्वासनाचे रूपांतर कामात करून घेणे ही कार्यकारिणीची खरी कसोटी आहे. त्यासाठीचा एक धागा कायदेसुधारणेचा आहे. कायदा आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये सहकारी संस्थांच्या २०१४ च्या कायद्यावर विचारविनिमय सुरू केला. सहकारी संस्था म्हणजे नेमके काय, याची व्याख्या कायद्यात असावी का, भागभांडवल उभारण्याच्या वाटा कशा रुंद कराव्यात, असे मूलभूत प्रश्न त्यात आहेत.

दुसरा धागा गावातील आणि वस्तीतील मालमत्तेचा. इंग्लंडमधील गावातले शेवटचे दुकान, शेवटचे पब किंवा खेळाचे मैदान विकायला निघाले, तर २०११ च्या कायद्याने स्थानिक लोकांना सहा महिन्यांची मुदत मिळते, पण ती फक्त बोली लावण्यासाठी. मालकाने त्यांनाच विकावे, असे बंधन नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र २००३ पासून समुदायाला खरेदीचा पहिला हक्क आहे. इंग्लंडमध्येही तसा हक्क हवा, ही को-ऑपरेटिव्ह पार्टीची जुनी मागणी होती आणि २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या विकेंद्रीकरणाच्या विधेयकात ती समाविष्ट झाली. मुदतही बारा महिने करण्याचे त्यात म्हटले आहे. लोकांनी स्वतः चालवलेले सौर आणि पवन ऊर्जा प्रकल्प, भाडेकरूंच्या मालकीची घरे, फुटबॉल क्लबमध्ये चाहत्यांची मालकी हे विषयही याच माळेतले आहेत. दुकानातील कामगारांवर होणाऱ्या हल्ल्यांचा प्रश्न वरवर वेगळा वाटतो, पण ज्या चळवळीचा जन्मच दुकानात झाला तिला तो परका नाही. स्कॉटलंडच्या संसदेत याविषयीचा २०२१ चा कायदा डॅनियल जॉन्सन या सहकाराच्याच सदस्याने मांडला होता.

या सगळ्यात 'दुप्पट' या शब्दाचा अर्थ मात्र अजून नीट ठरायचा आहे आणि कार्यकारिणीच्या दृष्टीने तो केवळ शब्दांचा खेळ नाही. संस्थांची संख्या दुप्पट करायची असेल, तर छोटी छोटी नवी मंडळे नोंदवून आकडा गाठता येईल, पण त्याने बाजारात फरक पडणार नाही. उलाढाल दुप्पट करायची असेल, तर दोन-तीन मोठ्या संस्थांची भरभराट पुरेशी ठरेल आणि लोकांच्या हाती नवे काही लागणार नाही. सभासद संख्या मोजायची, तर कार्डावर नाव असलेला आणि सभेला कधीच न येणारा सभासदही त्यात धरला जाईल. रॉचडेलच्या २८ जणांना हा प्रश्न पडला नव्हता, कारण त्यांचा प्रत्येक सभासद रात्री दुकान उघडायला आणि हिशेब तपासायला हजर असे. १९१७ मध्ये नेमलेल्या समितीच्या वारसांनी यांपैकी कोणते माप निवडले, हे सरकारकडे ते कोणत्या गोष्टीचा पाठपुरावा अधिक करतात त्यावरून दिसेल, आणि त्या निवडीवर शेवटी त्यांच्याच अधिवेशनातील सभासदांना हात वर करून मत द्यावे लागेल.